साथीच्या वर्षातील शिक्षिका : भगिनी निवेदिता



दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की वर्गावर्गांतून प्रतिनिधी निवडले जातात. छातीवर बिल्ला लागतो, प्रार्थनेच्या वेळी रांगा लावण्याचे काम मिळते आणि घरी आई-आजीला सांगायला एक आनंदाची बातमी होते. पण २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली, शाळांना कुलपे लागली आणि मग ना वर्ग उरला, ना रांग. अशा वेळी विद्यार्थ्याने पुढे व्हायचे म्हणजे नेमके करायचे तरी काय, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला होता.

या प्रश्नाचे एक उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका गल्लीत एका शिक्षिकेने आणि पंधराएक विद्यार्थ्यांनी देऊन ठेवले आहे. त्या शिक्षिका म्हणजे भगिनी निवेदिता. स्वामी विवेकानंदांच्या शिष्या म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत असते. त्या आपल्या बडोद्यालाही येऊन गेल्या होत्या. परंतु प्लेगच्या वर्षी त्यांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणून या अंकात त्यांची ही चरित्रकथा.

धर्मोपदेशकाची मुलगी

निवेदितांचे मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. त्यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगॅनन या गावी झाला. वडील सॅम्युअल नोबल हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. गोरगरिबांच्या घरी जाणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे हा त्यांचा नित्यक्रम असे. मार्गारेट दहा वर्षांची असताना वडील वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. आईवर तीन मुलांचा भार पडला. मार्गारेट आणि तिची धाकटी बहीण इंग्लंडमधील हॅलिफॅक्स येथे वसतिगृहात राहून शिकल्या. तेथली शिस्त फार कडक होती.

शिक्षण संपताच, १८८४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुली बारावीची परीक्षा देतात त्या वयात, मार्गारेट शिक्षिका झाली. पुढे तिने रेक्सम या गावी नोकरी धरली. हे कोळशाच्या खाणींचे गाव. खाणकामगारांच्या अंधाऱ्या, दाटीवाटीच्या वस्त्या तिने तेथे जवळून पाहिल्या. शाळा सुटल्यावर ती त्या वस्त्यांत जाई, बायाबापड्यांशी बोले आणि तेथील हालांविषयी वर्तमानपत्रांत लिही. गरिबाच्या घराची पायरी चढायला लाज वाटता कामा नये, हा वडिलांचा संस्कार येथे पक्का झाला.

नंतर लंडनजवळ विम्बल्डन येथे तिने स्वतःची छोटी शाळा काढली. मुलांना छडीने आणि घोकंपट्टीने न शिकवता खेळातून, हातांनी वस्तू करण्यातून शिकवावे, हा पेस्टालॉत्सी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांचा विचार तिला पटला होता. त्याप्रमाणे तिची शाळा चाले. लंडनच्या शिक्षणवर्तुळात तिचे नावही होऊ लागले होते.

बागबाजारच्या गल्लीत

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये मार्गारेटने स्वामी विवेकानंदांचे विचार प्रथम ऐकले. तिने ते लगेच मान्य केले असे मात्र नाही. तिने पुष्कळ शंका काढल्या, वाद घातले. भारतातील स्त्रियांच्या शिक्षणासाठी काम करायचे, हे पटायला दोन वर्षे लागली. पण एकदा पटल्यावर तिने मागे पाहिले नाही. २८ जानेवारी १८९८ रोजी ती कलकत्त्याला उतरली. २५ मार्चला स्वामीजींनी तिला ब्रह्मचर्यव्रताची दीक्षा दिली आणि निवेदिता, म्हणजे अर्पण केलेली, असे नाव ठेवले.

गोऱ्या लोकांची वस्ती तेव्हा शहराच्या दक्षिणेकडे होती. तेथे मोठे रस्ते, बागा आणि बंगले होते. निवेदिता मात्र उत्तरेकडील बागबाजार भागात, बोसपाडा नावाच्या अरुंद गल्लीत राहायला गेल्या. त्या काळी सोवळेओवळे फार. परदेशी बाईच्या हातचे पाणीसुद्धा कोणी घेत नसे. पण श्रीरामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी यांनी या परदेशी मुलीला आपली लेक मानले, तिच्याबरोबर बसून खाल्ले आणि काही दिवस आपल्या घरी ठेवूनही घेतले. हे पाहून गल्लीतील लोकांची मनेही हळूहळू बदलली.

१३ नोव्हेंबर १८९८ रोजी, दिवाळीतील कालीपूजेच्या दिवशी, सारदादेवींच्या हस्ते निवेदितांच्या मुलींच्या शाळेचे उद्घाटन झाले. मुली मिळवण्यासाठी त्यांना घरोघर फिरावे लागले. भाषा मोडकीतोडकी, वेश निराळा, त्यात मुलींनी शिकावे ही कल्पनाच पुष्कळांना नकोशी. तरी चार घरच्या मुली आल्या. चित्रे काढणे, मातीच्या वस्तू करणे, शिवणकाम आणि लिहिणे-वाचणे असा अभ्यास सुरू झाला. घरोघरच्या या फेऱ्यांत निवेदितांना गल्लीतील माणसे नावानिशी ठाऊक झाली आणि माणसांनाही निवेदिता ठाऊक झाल्या. पुढच्या संकटात ही ओळख किती कामाची ठरणार आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

प्लेग येतो

प्लेगची ही साथ जगभर पसरलेली होती. आपल्याकडे १८९६ मध्ये ती मुंबईत आली. १८९७ मध्ये पुणे तिच्या विळख्यात सापडले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या बडोदे संस्थानातही साथ पोचली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेल्या प्लेगच्या लसीची एक महत्त्वाची चाचणी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा या गावी झाली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

आज प्लेगवर औषधे आहेत. त्या काळी ती नव्हती. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे तो माणसापर्यंत पोचतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले, पण ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. सामान्य माणसाला एवढेच कळत असे, की घरात उंदीर मरून पडू लागले, की पाठोपाठ माणसे तापाने फणफणतात, काखेत-जांघेत गाठी येतात आणि काही दिवसांत खेळ आटोपतो.

रोगाइतकीच भीती सरकारी बंदोबस्ताचीही होती. पुण्यात सैनिक घरात शिरून तपासणी करत, माणसांना बळजबरीने हलवत, सामान बाहेर फेकत. या बातम्या कलकत्त्यापर्यंत गेल्या होत्या. १८९८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्यात प्लेगचे पहिले रुग्ण आढळताच शहरात घबराट उडाली. लोक बिऱ्हाड गुंडाळून गावाकडे पळू लागले. लस टोचणाऱ्यांविषयी नाही नाही त्या अफवा उठल्या. दार्जिलिंगला विश्रांतीसाठी गेलेले विवेकानंद तातडीने परतले. लोकांना धीर देणारे पत्रक त्यांनी बंगाली आणि हिंदी भाषांत काढले. पैसा कोठून आणायचा, असे विचारल्यावर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकण्याचीही तयारी त्यांनी दाखवली. त्या वर्षी साथ फारशी वाढली नाही, म्हणून ती वेळ आली नाही.

पण १८९९ च्या मार्चमध्ये प्लेग पुन्हा आला आणि या वेळी जोराने आला. निवेदितांची शाळा सुरू होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

झाडू प्रथम कोणी उचलला?

रामकृष्ण मिशनने ३१ मार्च १८९९ पासून प्लेग-निवारणाचे काम हाती घेतले. निवेदिता त्या समितीच्या चिटणीस झाल्या. प्रत्यक्ष कामाचे पुढारीपण स्वामी सदानंद यांच्याकडे होते. हे सदानंद पूर्वाश्रमी हाथरस स्टेशनवर रेल्वेच्या नोकरीत होते. नोकरी सोडून ते विवेकानंदांच्या मागे निघाले होते. सफाई कामगारांना बरोबर घेऊन ते बागबाजार, श्यामबाजार भागांतील झोपडवस्त्यांत शिरले. तुंबलेली गटारे, वर्षानुवर्षे साचलेले उकिरडे उपसून त्यांनी गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. घरे जंतुनाशकाने धुतली. पिसवांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पण उकिरडा गेला की उंदरांचा आसराही जातो, त्यामुळे हे श्रम फुकट गेले नाहीत.

निवेदितांनी वर्तमानपत्रांतून मदतीची आवाहने केली, हिशेब ठेवले, वस्त्यांची पाहणी केली. एके दिवशी गल्लीतील घाण काढायला कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः झाडू आणि टोपली घेतली आणि रस्ता झाडायला सुरुवात केली. पुढे थोर इतिहासकार म्हणून गाजलेले जदुनाथ सरकार यांनी हे दृश्य पाहिल्याचे नमूद करून ठेवले आहे. दारादारांत उभे राहून पाहणारे तरुण शरमले. सातासमुद्रापलीकडून आलेली बाई आपली गल्ली झाडते आणि आपण हात बांधून उभे! एकेकाने पुढे येऊन झाडू हातात घेतला.

मित्रहो, त्या काळी झाडू हाती घेणे ही साधी गोष्ट नव्हती. ते काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते. शिकल्यासवरल्या घरच्या मुलाने ते करणे म्हणजे घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणे. रोगाची भीती होतीच, तिच्यावर ही लाज. या दोन्ही भिंती ओलांडल्याशिवाय गटारापर्यंत पोचताच येत नव्हते.

पंधरा विद्यार्थी

निवेदितांना ठाऊक होते, की एकट्याने गल्ली झाडता येते, शहर नाही. एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमध्ये विद्यार्थ्यांची सभा भरवण्यात आली. प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य हा विषय होता. अध्यक्षस्थानी स्वतः विवेकानंद होते. नुसते हळहळणारे लोक नकोत, वस्तीत येऊन हात चालवणारे हवेत, असे निवेदितांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले.

सभेनंतर किती जणांनी नावे दिली असतील? सुमारे पंधरा जणांनी. एवढ्या मोठ्या शहरातून पंधरा! दुसरे कोणी असते तर निराश झाले असते. निवेदितांनी मात्र त्या पंधरांना घेऊन कामाची घडी बसवली. ठरावीक वस्त्या विद्यार्थ्यांना नेमून दिल्या. घरोघर जायचे, घरातील स्वच्छता पाहायची, आरोग्याची माहिती देणारी पत्रके वाटायची आणि लोकांशी शांतपणे, गोड शब्दांत बोलायचे. धाक नाही, आरडाओरडा नाही. दर रविवारी सर्वांनी रामकांत बोस रस्त्यावरील एका घरी जमायचे आणि आठवडाभरात काय झाले याचा अहवाल निवेदितांना द्यायचा.

या घडीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. सरकारी माणूस आला की जी दारे धाडकन बंद होत, ती या मुलांसाठी उघडत. कारण ही मुले त्याच शहरातील, तीच भाषा बोलणारी होती, आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली बाई वस्तीला परकी राहिली नव्हती. मुली मागण्यासाठी तिने याच घरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. संकटात दार उघडते ते आधीच्या ओळखीने. ती ओळख ऐन संकटात तयार करता येत नाही.

एक झोपडी, दोन दिवस

याच दिवसांतील एक प्रसंग डॉ. राधागोविंद कर यांनी लिहून ठेवला आहे. कलकत्त्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. चैत्रातल्या भर दुपारी रुग्ण तपासून ते घरी परतले, तो दाराशी धुळीने भरलेल्या खुर्चीवर एक परदेशी बाई वाट पाहत बसलेली. त्या निवेदिता होत्या. बागबाजारच्या वस्तीतील ज्या मुलाला डॉक्टरांनी सकाळी तपासले होते, त्याची चौकशी करायला त्या आल्या होत्या. मुलाची आशा नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आणि संसर्गापासून जपण्याचा इशाराही दिला.

संध्याकाळच्या सुमारास डॉक्टर पुन्हा त्या वस्तीत गेले. ओल आलेल्या, मोडकळीस आलेल्या झोपडीत निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्वतःचे घर सोडून त्या रात्रंदिवस तेथेच राहिल्या. झोपडी निर्जंतुक करण्यासाठी भिंतींना चुना लावायचा होता. तेव्हा लहानशी शिडी आणून त्यांनी आपल्या हातांनी चुना लावला. मुलगा वाचणार नाही, हे ठाऊक असूनही शुश्रूषेत तसूभर कमी पडू दिले नाही. दोन दिवसांनी त्या मुलाने त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला. तापाच्या ग्लानीत तो त्यांना आपली आईच समजत होता.

त्याच काळात निवेदितांचा आहार केवळ दूध आणि फळे एवढाच होता. एका रुग्णाच्या औषधाला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी आपले दूध बंद केले आणि ते पैसे औषधाला दिले. ही गोष्टही डॉ. कर यांनीच नोंदवली आहे.

तो मुलगा वाचला नाही. मग निवेदितांच्या त्या दोन दिवसांचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. उपयोग असा, की त्या साथीत कित्येक माणसे एकाकी मेली, हा मुलगा एकाकी मेला नाही. आणि ज्या वस्तीने हे पाहिले, ती पुढच्या वेळी आपल्या रुग्णाला टाकून पळायच्या आधी दोनदा विचार करील.

बडोद्याची भेट

साथ ओसरल्यावर, १८९९ च्या जूनमध्ये, शाळेसाठी निधी जमवायला निवेदिता विवेकानंदांबरोबर परदेशी गेल्या. मधल्या काळात शाळा बंद ठेवावी लागली. १९०२ मध्ये त्या परतल्या आणि शाळा पुन्हा उभी राहू लागली. त्याच वर्षी ४ जुलैला विवेकानंद गेले. दुःख बाजूला ठेवून निवेदिता देशभर व्याख्यानांसाठी फिरल्या. मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती असे करीत त्या ऑक्टोबर १९०२ मध्ये बडोद्याला आल्या. स्टेशनवर त्यांना घ्यायला अरविंद घोष गेले होते. ते तेव्हा येथे संस्थानच्या सेवेत होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांचीही त्यांनी भेट घेतली. स्टेशनवरून येताना बडोदा कॉलेजची इमारत त्यांना मुळीच आवडली नाही. उलट शेजारच्या साध्या धर्मशाळेची त्यांनी तोंडभरून स्तुती केली. ज्या घुमटाचा आपल्या गावाला एवढा अभिमान, त्यालाच या बाई नावे ठेवतात, हे पाहून बरोबरचे गृहस्थ चकितच झाले! जे स्वतःच्या मातीतले, ते साधे असले तरी त्यांना प्रिय वाटे.

१९०६ मध्ये पूर्व बंगालात पूर आणि दुष्काळ एकदमच आले. तेव्हाही निवेदिता होडीतून, चिखलातून गावोगाव फिरल्या. तेथून परतल्यावर त्या तापाने अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची प्रकृती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. १३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. चव्वेचाळीसावे वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरले होते. जे काही थोडेफार होते, ते त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ठेवले. त्यांची शाळा बागबाजारात आजही भरते.

आपण काय घ्यावे?

निवेदितांसारखे आपणही साथीत घरोघर जायला हवे होते काय? नाही. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो. करोना श्वासावाटे, माणसाकडून माणसाकडे पसरत होता. तेथे दूर राहणे हीच पहिली सेवा होती. शेजारच्या आजोबांची औषधे दाराशी ठेवून येणे, ज्याच्या घरी मोबाईल नाही अशा वर्गबंधूला वही पोचवणे, कित्येक दिवस ज्याचा आवाज नाही त्याला फोन करणे, हा त्या वर्षीचा झाडू होता. साथ बदलते तसे काम बदलते. बदलत नाहीत त्या तीन गोष्टी : काम हलके न मानता प्रथम आपण हात घालणे, सोबती कितीही थोडे असले तरी त्यांना नीट काम वाटून देणे, आणि दर रविवारी अहवाल देणे, म्हणजेच सुरू केलेले तडीस नेणे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींनाही निवेदितांचे आयुष्य काही सांगते. शाळा ही चार भिंतींची नसते. आपण बडोद्यातील मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलो, ती शेजाऱ्याच्या सुखदुःखात जाऊनच. आपल्या शाळेची मुले आसपासच्या किती घरांना नावानिशी ओळखतात, हे साथ नसतानाच पाहिले पाहिजे.

येत्या जूनमध्ये पुन्हा बिल्ले वाटले जातील. ज्याला मिळेल त्याचे अभिनंदन. ज्याला मिळणार नाही त्यानेही खट्टू होऊ नये. बागबाजारच्या त्या पंधरा मुलांपैकी एकाचेही नाव आपल्यातील कोणाला सांगता येणार नाही. पण त्यांनी झाडलेल्या गल्लीतून माणसे निर्धास्तपणे चालली, हे खरे आहे.